हायरुलचं उचंत खातं

झेल्डा ही मुलगी. हिरव्या टोपीतला, तलवार घेऊन जगभर मरमर करणारा पोरगा तो लिंक. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या भाच्यासमोर चुकून त्या पोराला झेल्डा म्हणालात तर तुमचं काही खरं नाही. व्हिडिओ गेमच्या मालिकेचं नाव तिचं, राबणार हा. आमच्या घरात यावर बायको म्हणाली, "यात नवल ते काय? उलटं असतं तर बातमी झाली असती." मी विषय वाढवला नाही.

भाचा सोहम पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. मे महिन्यात सोलापूरला मामाकडे येतो. दरवर्षी मळके कपडे आणतो, यंदा मळके कपडे आणि गेमचं यंत्र घेऊन आला. यंत्राचा काही त्रास नव्हता. टीव्हीला जोडलं, पोरगं गप्प बसलं, आम्हाला वाटलं सुटलो. त्रास निघाला टाइमलाइनचा.

'द लेजंड ऑफ झेल्डा' हा गेम १९८६ साली जपानात आला. मियामोतो आणि तेझुका या दोघांनी केलेला. तिथून आजपर्यंत वीसएक गेम आले आणि जवळजवळ सगळ्यांत हायरुल नावाचं राज्य, लिंक नावाचा पोरगा, झेल्डा नावाची राजकन्या आणि बहुतेक वेळा गॅनन नावाचा दुष्ट. पण लिंक दर वेळी तोच नाही. झेल्डाही तीच नाही. मधे शेकडो वर्षं जातात, माणसं बदलतात, नावं राहतात. मग यातला कुठला गेम आधी घडला आणि कुठला नंतर, यावर जगभरातली शिकली-सवरलेली माणसं वर्षानुवर्षं भांडतायत. त्यातलं एक माणूस आमच्या हॉलमध्ये कडक भाकरीचा तुकडा शेंगा-चटणीत बुडवत बसलेलं.

मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. माझा जन्म जमा आणि नावे जुळवण्यात गेला. त्यामुळे सोहमने पहिल्याच दिवशी कागदावर रेघा मारून "मामा, हे बघ" म्हटलं तेव्हा मी चष्मा लावला. ही माझी सवय आहे. कुणी कागद पुढे केला की मी चष्मा लावतो.

कागद असा होता. वर एक सरळ रेघ. तिच्या सुरुवातीला 'स्कायवर्ड स्वोर्ड'. हा गेम आला २०११ साली, पण गोष्टीत तो सगळ्यांत पहिला. रेघ खाली येते ती 'ओकारिना ऑफ टाइम'पाशी, साल १९९८. तिथं पोरगं एक पवित्र तलवार उपसतं, सात वर्षं झोपतं, मोठं होऊन उठतं आणि गॅननला हरवतं. मग राजकन्या त्याला म्हणते, जा बाबा, तुझं बालपण गेलं ते परत घे, आणि त्याला सात वर्षं मागे पाठवते. झालं. इथं रेघ फुटली. पुढच्या काळात हायरुल आहे पण हीरो नाही. मागच्या काळात हीरो आहे आणि त्याला पुढचं सगळं ठाऊक आहे, म्हणून तो आधीच जाऊन सावध करतो. पहिल्या फांदीवर गॅनन पुन्हा उठतो, सोडवायला कुणी येत नाही, शेवटी देव सगळं राज्यच पाण्यात बुडवतात. तो 'विंड वेकर'. दुसऱ्या फांदीवर 'मजोराज मास्क' आणि 'ट्वायलाइट प्रिन्सेस'.

इथपर्यंत मी मान डोलावली. एका खात्याची दोन खाती झाली, होतं असं.

"आणि ही तिसरी," सोहम म्हणाला.

"तिसरी कुठून आली?"

"यात लिंक गॅननकडून हरतो."

"पण तो तर जिंकला ना?"

"हो. पण हरला असता तर."

मी चष्मा काढला.

तुम्हीच सांगा. जिंकला, त्यातून दोन फांद्या. आणि हरला असता तर, म्हणून आणखी एक. हे म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे दिले ते जमेला धरायचे आणि दिले नसते तर किती तोटा झाला असता तेही त्याच वहीत लिहून त्यावर पुढची वीस वर्षं धंदा करायचा. बरं, ही फांदी किरकोळ नाही. १९८६ चा अगदी पहिला गेम, १९८७ चा दुसरा, १९९१ चा 'अ लिंक टू द पास्ट', सगळे मूळपुरुष या न झालेल्या पराभवाच्या वंशातले! २०११ च्या डिसेंबरात हे गेम काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीनं 'हायरुल हिस्टोरिया' नावाचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यात ही तिसरी फांदी छापली. तोवर दोन फांद्यांवर भांडणारी मंडळी तिसरी बघून गार पडली म्हणे. पंचवीस वर्षांच्या नोंदी एका दमात, मागच्या तारखेनं! आमच्याकडे असं कुणी केलं तर ऑडिटर दारात खुर्ची टाकून बसतो.

शिवाय माझी एक व्यावहारिक शंका होती. सोहमनं हट्टानं माझ्या हातात दिलेल्या त्या खेळण्यानं मी ज्या वेगानं मरत होतो, तो वेग बघता लिंक हरला की एक फांदी, या नियमानं माझ्या एकट्याच्या नावावर एवढाल्या फांद्या फुटल्या असत्या की सिद्धेश्वर तळ्याकाठच्या सगळ्या झाडांना मिळून नसतील. सोहम म्हणाला, "मामा, ते गेम ओव्हर. ते धरत नाहीत." कोण धरत नाही, का धरत नाही, यावर उत्तर नाही.

उठून कुठं जावं म्हटलं तर मे महिन्यात सोलापुरात माणसाला पळून जायला जागा नसते. दुपारी बाहेर चव्वेचाळीस अंश. सात रस्त्याला डांबर चपलेला चिकटतं. आणि रात्री पाण्यासाठी जागायचं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि येतं ते स्वतःच्या मर्जीनं. त्यामुळे पाण्याच्या रात्री अख्खी गल्ली कट्ट्यावर बसलेली असते, पाइप गुंडाळून, हौदाची झाकणं उघडी टाकून. चावीवाला आज अमुक गल्लीत दिसला म्हणजे आपला नंबर दीडला, असं एकजण सांगतो. दुसरा म्हणतो, नाही, पौर्णिमेच्या आसपास पहाटेच सोडतात. पुरावा कुणाकडेच नाही, खात्री सगळ्यांना. सोहमला असा श्रोतृवर्ग आयुष्यात मिळाला नव्हता.

शेजारचे गड्डम अण्णा मिलमधून रिटायर झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत विचारलं, "म्हंजे दर खेपेला पोरगं नवं?"

"हो अण्णा."

"नाव तेच?"

"तेच."

"डिरेस?"

"बहुतेक तोच."

"बदली कामगार हाय की मग," अण्णा म्हणाले. "आमी मिलमधी बदलीच लागलो होतो. मूळ माणूस आला नाय की त्याच्या मागावर उबं राहायचं. सायेब नावबी त्याच्याच नावानं मारायचा हाक. कवापासनं हाय म्हनला ह्यो?"

"१९८६."

"तवापासनं बदली? परमनंट केला नाय?" अण्णांनी आवाज चढवला. "युनियन नाय का तिथं? बोनस?"

सोहमनं प्रामाणिकपणे सांगितलं की गवत कापलं की मडकी फोडली की त्यातून पैसे मिळतात. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उक्तं काम."

नावांचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही. दुसऱ्या गेमच्या गोष्टीत असं आहे की एका जुन्या राजकन्येवर झोपेचा शाप पडला, तेव्हा तिच्या भावानं फर्मान काढलं, इथून पुढं या घराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव झेल्डा. आमच्या कट्ट्यावर त्या रात्री दोन सिद्धाराम आणि एक सिद्धेश्वर बसले होते. त्यांनी हे फर्मान बिनशर्त मंजूर केलं.

खरी गंमत मिठानं केली. २०१७ साली आलेला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा या फांद्यांत कुठं बसतो हे कंपनी स्पष्ट सांगत नाही. सगळ्यांच्या नंतर, फार फार नंतर, एवढंच. त्यातल्या दंतकथाच दहा हजार वर्षांपूर्वीच्या. मग मंडळी पुरावे शोधतात. या गेममध्ये स्वयंपाक करता येतो आणि त्यासाठी खडेमीठ मिळतं. त्या मिठाच्या वर्णनात लिहिलंय की हे प्राचीन समुद्राचं मीठ आहे. बस्स! समुद्र म्हणजे 'विंड वेकर'ची बुडीत फांदी, असा एक पक्ष. त्या फांदीवर झोरा नावाच्या मासेलोकांचे पुढं रिटो नावाचे पक्षीलोक झाले, आणि रिटो तर या गेममध्ये आहेतच, हा त्यांचा दुसरा पुरावा. पण मग झोराही जिवंत कसे, हा दुसऱ्या पक्षाचा सवाल. यावर सोहम उभा राहून, हातवारे करून बोलत होता.

आई आतून सैंधवाची पुडी घेऊन आली. एकादशीला तेच लागतं तिला.

"हे कुठलं रे?"

"खडेमीठ, आजी."

"हे पंजाबातलं. खाणीतनं काढतात. तिथं आहे का समुद्र?"

नाही. इथं मात्र मी तोंड घातलं, कारण हे मला ठाऊक होतं. पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याची खाण आहे, तिथलं सैंधव आटलेल्या समुद्राचंच आहे. पण तो समुद्र आटला पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी. म्हणजे मिठाचा खडा दाखवून समुद्र होता हे सिद्ध होतं, कधी होता हे नाही. परवा बुडालं असेल, नाहीतर माणूस जन्मायच्या आधी. पुरावा बाद. सोहमचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाईट वाटलं आणि लगेच बरं वाटलं.

पण तो हटणारा नव्हता. त्यानं २०२३ चा 'टिअर्स ऑफ द किंगडम' बाहेर काढला. त्यात झेल्डा भूतकाळात जाते आणि तिथं रौरू नावाचा पहिला राजा हायरुल स्थापन करून बसलेला. आता रौरू नावाचा एक ऋषी 'ओकारिना'तही आहे, गॅननडॉर्फ, म्हणजे माणसाच्या रूपातला गॅनन, तोही दोन्हीकडे आहे, मग हे राज्य स्थापलं तरी किती वेळा? एक मत असं की जुनं हायरुल कधीतरी साफ बुडालं आणि ही दुसरी स्थापना. गेमच्या दिग्दर्शकांनी, फुजिबायाशींनी, एका मुलाखतीत तशी शक्यता आहे एवढंच म्हणून ठेवलंय. शक्यता आहे! आमचे मालक पगारवाढीबद्दल हेच म्हणतात. आणि कंपनीच्या अलीकडच्या तक्त्यात हे दोन्ही गेम तिन्ही फांद्यांपासून तोडून वेगळे ठेवलेत. मला ते बघताक्षणी कळलं. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती आम्हीही अशीच बाजूला काढतो, उचंत खाती. वर्षअखेरीला बघू म्हणतो. कुणी बघत नाही.

आणि छापलेलं तरी कुठं टिकतं? 'लिंक्स अवेकनिंग' हा १९९३ चा गेम, आख्खं बेट कुणाच्या तरी स्वप्नातलं. पुस्तकात तो 'ओरॅकल'च्या दोन गेमांनंतर होता, २०१८ मध्ये संकेतस्थळावर तो उचलून आधी ठेवला. मंजूर झालेल्या ताळेबंदात खाडाखोड, आणि बाजूला सही नाही.

दीड वाजून गेला होता. आई इतका वेळ माळ ओढत ऐकत होती. ती म्हणाली, "एवढं काय भांडायचं त्यात? कल्पभेद."

"म्हणजे?"

"गणपतीचं डोकं कसं गेलं? एका पुराणात शंकरानं त्रिशूळानं उडवलं. दुसऱ्यात शनीची नजर पडली आणि गळून पडलं. आमचे पुराणिकबुवा म्हणायचे, दोन्ही खरं. एका कल्पात असं झालं, दुसऱ्या कल्पात तसं. तुझा गणपती वेगळा नाही, कल्प वेगळा."

जगभरच्या भांडणाचा निकाल एका वाक्यात. पण सोहम खूश दिसेना. "आजी, असं म्हटलं की बोलायला काही राहतच नाही ना."

"मग बोल की. पाणी येईपर्यंत वेळच आहे."

दुसऱ्या दिवसापासून आई टीव्हीसमोर बसू लागली. गोष्ट तिला एकदम समजली, कारण तिनं रेघा बघितल्याच नाहीत. झेल्डा भूतकाळात अडकते, परत यायचा रस्ता नाही, तलवार मात्र लिंकपर्यंत पोचवायची असते. म्हणून ती जादूचा खडा गिळते आणि ड्रॅगन होते. स्वतःचं नाव विसरते, माणसं विसरते, आणि युगानुयुगं आभाळात फिरत राहते, तलवार डोक्यात रुतलेली. आईनं डोळ्याला पदर लावला. "आणि हा कुठाय?"

लिंक एका झाडाखाली मशरूम भाजत होता. शेजारी सफरचंदांचा ढीग. सोहमला पौष्टिक पदार्थांचा साठा करायचा होता.

"ती बिचारी तिकडे एवढी वर्षं उपाशी हिंडतेय आणि हा स्वयंपाक करतोय?"

"आजी, ती मुख्य मोहीम आहे. ती शेवटी करतात."

"शेवटी?" आईचा आवाज असा लागला की गड्डम अण्णांनी पलीकडून "काय झालं वैनी?" विचारलं. "ऊठ म्हणावं त्याला. आधी तिच्याकडे जा. मशरूम काय पळून जातायत?"

सोहमनं मुकाट्यानं कढई सोडली, घोडा बोलावला आणि निघाला. टेकडी उतरल्यावर रस्त्याच्या कडेला, वेलींच्या आड, एका गुहेचं तोंड दिसलं. त्यानं घोडा थांबवला नाही. हे बघून मला खरंच समाधान वाटलं.

"थांब थांब," आई म्हणाली. "आत काय आहे बघ बरं जरा."