सव्वा लाखाची मूठ

गेल्या महिन्यात आमच्या घराण्याच्या ग्रुपवर माझ्या पुतणीने एका कागदाचा फोटो टाकला. बँकेचं कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र. खाली तिने लिहिलं होतं, "घटस्फोटानंतरचं पहिलं कर्ज संपलं. अजून दोन आहेत. पण आज बासुंदी केली." कोल्हापुरात, राजारामपुरीत दोन खोल्यांत मुलाला घेऊन राहते ती. सकाळी शाळेत शिकवते, संध्याकाळी डबे करून देते. हे एक कर्ज फेडायला तिला तीन वर्षं लागली. थोड्या वेळाने काकांचं उत्तर आलं. "पोरी, झालं ते बरं झालं. पण असल्या गोष्टी चारचौघांत सांगायच्या नसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्याखाली एकापाठोपाठ एक जोडलेले हात उमटले. रात्री पाहिलं तर पुतणीने फोटो काढून टाकला होता.

मी इंग्लंडमध्ये, रात्रपाळी संपवून लेस्टरच्या बसमध्ये बसले होते. तिथेच हे वाचलं आणि डोक्यात जे काही सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही.

त्या ग्रुपवर दोघं जण बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एक जण वकील आहे. पुतणीला वसुलीवाल्यांचे रात्री साडेनऊला फोन यायचे, हे तिने मला मागच्या दिवाळीत सांगितलं होतं. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच स्पष्ट बजावलं आहे. हे तिला कुणी सांगितलं? बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो. 1987 चा कायदा आहे तो. हे तरी कुणी सांगितलं? हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं तेव्हा याच ग्रुपवर दिवसभर अभिनंदनं चालली होती. न्याय दारात आला म्हणून आनंद झाला, चांगलंच आहे. पण घरातल्या मुलीने त्या दाराकडे कसं जायचं, हे विचारलं की सगळ्यांना मूठ आठवते.

आणि हे कोल्हापूर आहे. 26 जूनला ग्रुपवरचा प्रत्येक जण शाहू महाराजांचा फोटो लावतो. त्याच महाराजांच्या संस्थानात 1919 मध्ये काडीमोडीचा कायदा झाला होता. देशाचा हिंदू विवाह कायदा यायला त्यानंतर 36 वर्षं लागली. काडीमोड हा शब्द उघडपणे कायद्यात लिहिणाऱ्या गावात शंभर वर्षांनी एका मुलीने बासुंदी का केली, एवढंही सांगायचं नाही?

इथे असं नाही. मला माहीत आहे, परदेशात गेलेल्या माणसाच्या तोंडून 'इथे असं नाही' ऐकून लोकांना चीड येते. तरी सांगते, कारण हे मी अंगावर काढलेलं आहे.

माझा घटस्फोट झाला तेव्हा आमच्या दोघांच्या नावावर एक कर्ज होतं आणि एक माझ्या एकटीच्या नावाचं क्रेडिट कार्ड होतं. त्या कार्डावर घर चाललं होतं. मला वाटत होतं की कोर्टाने निकाल दिला म्हणजे कर्जाचेही दोन तुकडे होतील. तसं होत नाही. दोघांनी सही केली असेल तर बँक कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकते. नवरा-बायको वेगळे झाले याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. हे भारतातही असंच आहे आणि सही करण्याआधी प्रत्येक मुलीला कुणीतरी बसवून सांगायला हवं. तो हप्ते भरायचा थांबला. पत्रं माझ्याकडे यायला लागली. मी ती न फोडता ओव्हनखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले. त्या हिवाळ्यात मीटरमध्ये पाच-पाच पौंड टाकून घर चालवलं, संध्याकाळी आठनंतर पिवळ्या स्टिकरचा, म्हणजे भाव उतरवलेला ब्रेड आणला आणि आईला फोनवर सांगितलं की सगळं छान चाललंय.

शेवटी कामावरच्या एका पोलिश मैत्रिणीने मला हाताला धरून सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत नेलं. या संस्थेची पहिली केंद्रं 4 सप्टेंबर 1939 ला उघडली. युद्ध जाहीर झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बॉम्ब पडायच्या आधीच लोकांच्या कागदपत्रांची काळजी करणारा हा देश आहे, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं. समोर पिकलेल्या केसांची एक बाई होती, मोफत काम करणारी. मी पिशवीभर न फोडलेली पाकिटं टेबलावर ओतली. तिने एकेक फोडायला सुरुवात केली आणि तारखेप्रमाणे लावत गेली. कसं झालं, का झालं, नवरा काय करत होता, एक प्रश्न नाही. तासाभराने तिने कागदावर बेरीज मांडली आणि कागद माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "आता निदान आकडा कळला." दीड वर्षात मला कुणी दिलेला तो पहिला धीर होता.

पुढे साठ दिवसांची ब्रीदिंग स्पेस मिळाली. 2021 पासून इंग्लंड-वेल्समध्ये ही सोय आहे. तेवढे दिवस व्याज आणि दंड गोठतात, वसुलीची पत्रं आणि फोन थांबतात. भाडं, वीज, कौन्सिल टॅक्स मात्र भरत राहावं लागतं. कर्ज माफ होत नाही. पण साठ रात्री झोप लागते, आणि झोप झालेला माणूस हिशेब करू शकतो. त्यातूनच महिना 240 पौंडांचा हप्ता ठरला.

हे सगळं मी पुतणीला सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "आत्या, आपल्याकडं असं काही नाही गं." मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मंगळवार पेठेतली आईची भिशी आठवली.

बारा बायका होत्या, दर महिन्याला ठरलेली रक्कम. पहिल्या चिठ्ठीचं नाव वाडग्यातून काढायचा मान लहान म्हणून माझा. एका वर्षी मला वाडगा दिलाच नाही. आई म्हणाली, "या बारीला पहिला नंबर ठरलाय." तो नंबर मागच्या गल्लीतल्या एका बाईला गेला. तिचा नवरा तिला टाकून गेला होता. कुणी तिला काही विचारलं नाही, तिनेही काही मागितलं नव्हतं. पैसे रुमालात बांधून दिले, चहा झाला आणि बायका उठल्या. ती मूठ झाकलेलीच होती. फक्त ती झाकणाऱ्या हातांमध्ये तिच्याशिवाय आणखी अकरा जणींचे हात होते.

काकांची पिढी हीच होती. काकांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण काका, तुम्ही मूठ झाकायला सांगता तेव्हा तिच्यात काही ठेवायलाही हवं. त्या बारा बायका आता कुठे आहेत? पुतणीच्या इमारतीत शेजारणीला तिचं आडनावही माहीत नाही. नुसतं झाकण राहिलं, आतला रुमाल गेला.

मला पौंडात कमावणारी म्हणून ग्रुपवर मान आहे. लग्नाकार्याला पाकीट मोठं यावं अशी अपेक्षा असते आणि मी ते पाठवत आलेय. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात पाठवलेले पंचवीस हजार रुपये मी बांगड्या मोडून पाठवले. बेलग्रेव्ह रोडवर, ज्याला इथे गोल्डन माइल म्हणतात, तिथल्या एका दुकानात. त्या दिवशी कोल्हापुरी साजही नेला होता, लग्नात आईने गुजरीतून, आमच्या सराफ बाजारातून घेतलेला. दुकानदार भला माणूस होता. पण त्याने साज सरळ काट्यावर टाकला आणि ग्रॅम सांगितले. 21 पानं आहेत, त्यांतली दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, असं मी त्याला सांगायला लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा ग्रॅमच सांगितले. मी साज उचलून परत आणला. बांगड्यांचं मला काही वाटलं नाही.

त्या रात्री एक गोष्ट कळली, जी मी आजवर कुणाला बोलले नाही. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमधल्या त्या बाईसमोर मी सगळी पाकिटं ओतू शकले, कारण ती माझी कुणी नव्हती. तिला माझं माहेर माहीत नव्हतं, आईच्या हळदीकुंकवाला ती कधी येणार नव्हती. लेस्टरमध्ये माझी अब्रू गेली असती तरी ती कुणाच्या लक्षात आली नसती. इतकी वर्षं मी याला मोकळेपणा म्हणत आले. यात मोकळेपणा आहेच, नाही असं नाही. पण जिथे आपली लाज राखायला कुणी नसतं, तिथे आपण कुणाचे असतो का? काकांनी पुतणीला गप्प केलं, कारण ती त्यांची आहे. मला इथे कुणीच गप्प केलं नाही.

आणि पुतणीने जे केलं ते माझ्यापेक्षा अवघड होतं. तिने आपल्याच माणसांत, आपल्याच गावात, रोज दिसणाऱ्या लोकांपुढे हात उघडला. मी गावापासून सात हजार किलोमीटरच्या आत तो कधी उघडला नाही. आईला अजून वाटतं की घटस्फोटात सगळं समजुतीने झालं.

पुतणी काल विचारत होती, दुसरं कर्ज आधी फेडू की तिसरं. ज्याचं व्याज जास्त ते आधी, असं मी म्हणाले. मग ती म्हणाली, "पण छोटं आधी संपलं तर परत बासुंदी करता येईल की." मी म्हणाले, मग छोटंच आधी. व्याजाचा फरक तिला काढून दिला, वर्षाला दोन-अडीच हजारांचा येत होता. तिने तो कबूल केला.

माझा आकडा 11,600 पौंड होता. तेव्हाच्या भावाने अकरा लाखांच्या आसपास. अजून सात हप्ते राहिलेत. पुतणीशिवाय घरच्या कुणालाही हे माहीत नव्हतं, आणि आकडा तर तिलाही सांगितला नव्हता. काका हे वाचतील, कारण माझं लिहिलेलं ते वाचतातच आणि आईलाही वाचून दाखवतात. त्यांना आधी फोन करायचा असं ठरवलं होतं. दोनदा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला.