आजोबांनी एखादा तरी माणूस मारायला हवा होता

शनिवारी कोल्हापुरात, एका बंदुकीच्या दुकानात, चार लोकांसमोर आमच्या घराण्याची किंमत झाली. ती अजून घशाखाली उतरलेली नाही.

आजोबांचं रिव्हॉल्व्हर वडिलांकडे आलं होतं. वडील गेल्यावर कायद्याप्रमाणे ते दुकानात जमा केलं. सव्वा वर्षाने दुकानदाराचा फोन आला : ठेवणावळ थकली आहे, महिना तीनशेप्रमाणे साडेचार हजार. लायसन माझ्या नावावर करायचं तर ताईची ना हरकत हवी, आणि ताईने (म्हणजे ताईच्या मोबाईलवरून भाऊजींनी) कळवलं होतं, "आधी किंमत काढ. मग सही."

आमच्या घरात त्याला 'वेब्ली' म्हणत. लहानपणी मला वाटायचं, वेब्ली ही आमची कुणी अंथरुणाला खिळलेली चुलतआजी असावी. वर्षभर कपाटात. खंडेनवमीला बाहेर काढायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, पुन्हा आत. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की तिला पोलीस ठाण्यात पोचवायचं. वडिलांनी जितक्या वेळा मतदान केलं, जवळजवळ तितक्याच वेळा ती पिशवी घेऊन ठाण्यात रांग लावली. लोकशाहीला आमच्या वेब्लीपासून नेमका कसला धोका होता, हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

दुकानदाराने फडकं सोडलं, भिंग लावलं.

"वेब्ली आहे," मी मदत केली.

"ई, एल, जी," तो म्हणाला. "लांबट गोल शिक्का, वर मुकुट. हा लिएजचा. बेल्जियम."

"पण वेब्ली..."

"वेब्ली या इंग्लिश कंपनीने १८७२ साली बुलडॉग नावाचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं. ते इतकं खपलं की लिएजवाल्यांनी ढिगाने नकला काढल्या. ही त्यातली. शिक्क्यावर मुकुट आला १८९३ला, म्हणजे त्यानंतरची."

तीन पिढ्या आम्ही डुप्लिकेटची पूजा करत होतो. तेवढ्यात त्याने नळीत काडी घातली आणि लाल भुकटीचा एक खडा बाहेर काढला.

"हे काय?"

"कुंकू."

"नळीत?"

आजीची भक्ती खोलवर होती, हे त्याला कसं सांगणार? नळीला आतून देवी आल्यासारखे खड्डे पडले होते.

आता बाकावरचे ते गृहस्थ. पांढरी टोपी, मांडीवर काडतुसांचे दोन डबे. उसात डुकरं शिरतात म्हणून आले होते. त्यांचं बिल होऊन गेलं होतं, पण ते उठत नव्हते. ते पुढे सरकले.

"पावणं, मानसं किती पाडल्यात ह्येनं?"

"एकही नाही."

"एक बी न्हाई?"

"नाही."

"जखमी?"

आजोबा एका जिनिंग फॅक्टरीत खजिनदार होते. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणताना सोबत असावं म्हणून लायसन मिळालेलं.

"मग दरोडा पडला आसंल की एकांदा!"

"नाही पडला." मला उगाचच अपराधी वाटायला लागलं. काहीतरी द्यावं म्हणून म्हणालो, "एकदा मांजरावर रोखलं होतं."

दुकानदारानेही भिंग खाली ठेवलं.

"मेलं?"

"नाही. दूध पिऊन गेलं."

गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. वाया गेलेल्या विहिरीकडे शेतकरी बघतो तसे. मग खुर्ची ओढून समजावू लागले. "आवो, हत्याराला इतिहास लागतो. आमच्या गावात भावकीत एक बंदूक चालली, मानूस जाग्याला गेला. आज बी लोक ती बंदूक बघाय येत्यात. तुमचा आजा पत्री सरकारात हुता म्हना की."

"नव्हते."

"कोन बघाय बसलंय?"

खरं तर आजोबा तेव्हा पत्री सरकारच्या भीतीने दिवेलागणीलाच दाराला अडसर लावायचे. एवढं मात्र मी बोललो नाही.

रात्री चिडून मोबाईल घेऊन बसलो. वाईट हे, की टोपीवाले बरोबर होते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी घातली ती बुलडॉगनेच. व्हॅन गॉगने स्वतःवर झाडलं असं म्हणतात ते रिव्हॉल्व्हर, शेतात सापडलेला गंजका गोळा, पॅरिसमध्ये २०१९ साली १ लाख ६२ हजार ५०० युरोंना गेलं. आणि व्हर्लेन या फ्रेंच कवीने १८७३ साली ब्रसेल्समध्ये रँबो या दुसऱ्या कवीच्या मनगटावर गोळी झाडली, ते २०१६ साली ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना! एका कवीचं नुसतं मनगट! आपल्याकडे इतकी साहित्य संमेलनं झाली, इतकी भांडणं झाली, पण जागतिक बाजाराचा विचार कुणी केला नाही. आणि ज्या माणसाने बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पगार बिनबोभाट आणून वाटले, त्याच्या हत्याराला शून्य. चेष्टा राहू द्या, मला याचा खरोखर राग आला.

दुकानदाराचा निकाल सांगायचा राहिला. या मापाची काडतुसं मिळत नाहीत. चक्री हलते. २०१९पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यातली एक जागा हिच्यावर कोण घालवणार? "पुरतं निकामी असतं तर लायसनही लागलं नसतं," तो हळहळला. "पण हे दुरुस्त होण्यासारखं आहे. तीच अडचण." मग म्हणाला, कागद पुरे करून आणा, चार हजारांत मी ठेवून घेतो. लाकडी मूठ चांगली आहे.

साडेचार हजारांतून चार हजार गेले. म्हणजे वडिलोपार्जित शस्त्र देऊन वर पाचशे मीच द्यायचे. पायरी उतरताना मागून हाक आली, "पावणं, फुडच्या खेपंला मांजराचा बिबट्या करा!"

ताईला सगळं कळवलं. लगेच उत्तर आलं, "आमच्या अर्ध्या हिश्श्याचं काय?"

मी लिहिलं, "अडीचशे पाठव."

निळ्या खुणा आल्या आहेत. पैसे नाहीत.