दर्यावर्दी दादा, कप्पा आणि कायदा वेगवेगळे ठेवूया

दादा, एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत तर उत्तरपण मोठंच येणार. तुमचं म्हणणं असं की एस्ताई या स्पॅनिश ट्रॉलरवरच्या पोस्टमध्ये मी कॅनडाची तळी उचलली, कॅनडाच्या २०० मैलांच्या हद्दीबाहेर तो ट्रॉलर धरणं ही निव्वळ गुंडगिरी, आणि चोरकप्प्यात लपवलेल्या मासळीबद्दल "२५ टन मासळीसाठी एवढा तमाशा? कप्पा कुठल्या बोटीवर नसतो?"

गुंडगिरीचं मान्य. ९ मार्च १९९५ ला मशीनगनच्या फैरी झाडून बोट धरली आणि ज्या नियमाखाली धरली तो जेमतेम आठवडाभर आधी केलेला. स्पेन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तर १९९८ ला कोर्ट म्हणालं हा विषय आमच्या अधिकारातच येत नाही, कारण अशा मासेमारीच्या वादांत कोर्टाचा अधिकार मानायचा नाही अशी पळवाट कॅनडाने १९९४ लाच करून ठेवली होती. आणि तिथल्या कॉड माशाची वाट काही फक्त परक्यांनी लावली नाही, कॅनडाचे स्वतःचे ट्रॉलर्सपण होते त्यात, म्हणून तर १९९२ ला कॉडच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. हे पोस्टमध्ये यायला हवं होतं, माझी चूक.

अजून एक मुद्दा तुमच्या बाजूने मीच देतो. एप्रिलमध्ये कॅनडा आणि युरोपीय संघात समझोता झाला, आरोप मागे घेतले, त्यामुळे कप्प्याची गोष्ट कोर्टात कधी तपासलीच गेली नाही. कॅनडाचे मत्स्यमंत्री टोबिन यांनी न्यूयॉर्कला क्रेनला टांगून दाखवलं ते एस्ताईचं जाळं, कारण जाळं नेता येतं, बोटीतली भिंत कशी नेणार?

पण "कुठल्या बोटीवर नसतो" हे नाही पटलं. मिरकरवाड्यात मामाच्या ट्रॉलरच्या खणात, म्हणजे मासळी ठेवायच्या जागेत, मी लहानपणी बर्फ भरायला उतरायचो. खणाच्या भिंतीत पफ (थंडावा टिकवणारा फोम) भरलेला असतो, वरून फायबर, त्यामुळे कुठेही ठोकलं तरी बद्दच वाजतं, मागे पोकळी आहे की मासळी आहे काही कळत नाही. तपासणारा शहाणा असेल तर ठोकत बसत नाही, टेप काढतो. खण आतून किती लांब, वर डेकवर त्याच दोन आडभिंतींमधलं अंतर किती, बोटीच्या नकाशात किती दाखवलंय. भिंतीची जाडी धरूनसुद्धा हातभर फरक आला तर ते हातभर गेलं कुठे? मामाच्या खणात पाण्याची बाटली ठेवायचा कोनाडा होता, त्याला कोणी चोरकप्पा म्हणणार नाही. कॅनडाने सांगितलं ते असं की खोट्या भिंतीमागे अमेरिकन प्लेस हा चपटा मासा होता, ज्याच्यावर बंदी होती, आणि लॉगबुकं दोन सापडली, एक खरं आणि एक दाखवायचं.

माझा राग त्या दुसऱ्या वहीवर आहे. समुद्रात मासे मोजता येत नाहीत दादा, शास्त्रज्ञ बोटींनी लिहून दिलेल्या आकड्यांवरूनही अंदाज बांधतात आणि त्यावरून पुढच्या वर्षीचा कोटा ठरतो. २५ टन लपवले म्हणजे मासे तर गेलेच वर हिशोबपण खोटा झाला, आणि त्या खोट्या हिशोबाचा फटका बसतो तो जो तांडेल (बोटीचा प्रमुख) खरं लिहितो त्याला. त्या समझोत्यात प्रत्येक बोटीवर निरीक्षक ठेवायचं ठरलं ते उगाच नाही.

"आपल्या एलईडीवाल्यांवर लिहा की" म्हणालात, म्हणजे एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांवर. लिहितो. महाराष्ट्राच्या सागरी मासेमारी कायद्याच्या २०२१ च्या सुधारणेत ५ ते २० लाख दंड आहे, पण त्याला वेगळी पोस्ट लागेल. १९९२ ची ओळ मात्र आत्ताच जुन्या पोस्टमध्ये टाकली, बघून घ्या.