झाड क्रमांक ४१२

बोटॅनिकल गार्डन म्हणून तिकीट घेता ना? मग निदान झाडांची नावं तरी लावा!

रविवारी अख्खं घर घेऊन गेलो. पोरांना सुट्टी लागलीय, दिवसभर मोबाइलला चिकटलेली असतात, म्हटलं जरा झाडं बघतील, बिया गोळा करतील. माणशी तिकीट, पार्किंग वेगळं, कॅमेऱ्याचं आणखी वेगळं. वर गेटवर पिशवी उघडायला लावून आमचे डबे काढून ठेवले. "बाहेरचं खाणं अलाऊड नाही, कचरा होतो." अहो, स्टीलच्या डब्यातल्या थालीपिठाचा कसला कचरा? आत शिरलं की लगेच कंत्राटदाराचा स्टॉल. वेफर्स, कुरकुरे, बाटल्या. ती पाकिटं कमळाच्या तळ्यात तरंगतायत. तो कचरा चालतो, कारण त्याचं भाडं भरलेलं असतं!

असो. खरा संताप पुढे आहे.

धाकटी प्रत्येक झाडापाशी थांबून विचारतेय, "आई, हे कुठलं?" आणि झाडावर काय, तर ऑइलपेंटने रंगवलेला आकडा. ४१२. वृक्षगणनेवाले टाकून गेले तो. पुढचं ४१३. काय सांगू पोरीला, हे चारशे बाराचं झाड, याला चारशे बारा लागतात? ज्या थोड्या पाट्या आहेत त्या गंजलेल्या, आणि त्याही खोडात खिळे ठोकून लावलेल्या. सालीच्या लगेच आतला कोवळा थर, त्याच्याच जोरावर झाडाचा बुंधा वाढतो. तिथेच खिळा. शाळेतल्या पोराला कळतं हे, यांना कळत नाही.

एक पाटी मात्र धडधाकट होती. 'अशोक'. आणि लावलीय कशाला? प्रत्येक सोसायटीच्या कंपाउंडला रांगेत उभा असतो त्या उंच, सरळसोट, खाली लोंबत्या पानांच्या आसूपालवाला! खरा सीताअशोक, केशरी-लाल फुलांचे झुबके येणारा, दहा पावलांवर उभा. त्याच्या वाट्याला नुसता आकडा. ताम्हण जांभळं फुललंय, राज्याचं फूल आहे ते, त्यालाही पाटी नाही. त्याच्या बुंध्याला लाइटच्या माळा मात्र गच्च आवळल्यात. सेल्फी पॉइंट!

शेवटी आमच्या सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. वेंगुर्ल्याकडच्या त्या. पान चुरगळून, वास घेऊन सांगत सुटल्या. ही सुरंगी, हिची फुलं थेट फांदीला चिकटून येतात, गजरे करतात. ही उंडी, हिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला घालायचे. ती बकुळ, फूल सुकलं तरी वास जात नाही. मागे वळून बघते तर दोन अनोळखी कुटुंबंही आमच्या मागोमाग! एक बाबा चक्क वहीत लिहून घेत होते. म्हणजे लोकांना जाणून घ्यायचंय हो. "पब्लिकला इंटरेस्ट नसतो" हे रडगाणं बंद करा. सांगायला कुणी ठेवलंयत का तुम्ही?

पब्लिकही धुतल्या तांदळाची नाही म्हणा. गोरखचिंचेचा तो एवढा थोरला बुंधा, आफ्रिकेतलं झाड, खोडात पाणी साठवून राहतं, त्यावर चाव्यांनी कोरलेले बदाम आणि बाण. कुणाचा ब्लूटूथ स्पीकर ठणाणा करतोय. एका प्री-वेडिंगवाल्याने तर सासूबाईंनाच सांगितलं, "आजी, फ्रेममधून बाजूला व्हा ना." पाय दुखत होते म्हणून त्या हिरवळीच्या कडेला टेकल्या, तर शिट्टी वाजवत वॉचमन हजर. फोटोवाल्यांची छत्री, ट्रायपॉड, धुराचे डबे त्याच हिरवळीवर. त्यांनी म्हणे पावती फाडलीय.

आणि ते पेव्हर ब्लॉक! बुंध्याला घासून, चहूबाजूंनी. मुळांना हवा-पाणी जाणार कुठून? राज्यात १९७५ पासून झाडं जपण्याचा कायदा आहे. आमच्या सोसायटीत आंब्याची एक फांदी छाटायची तर महापालिकेकडे अर्ज करून वाट बघत बसावं लागतं. इथे मात्र 'सुशोभीकरण' म्हटलं की झाडाचा गळा आवळायला मोकळे. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली ती झाडांची बाग म्हणूनच. आज कुणालाही विचारा, तोंडात पेंग्विनच येणार. झाडं बिचारी हलत नाहीत, ओरडत नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारायचंच नाही का?

नवरा म्हणाला, सोड. नाही सोडलं. ऑफिसात जाऊन तक्रारवही मागितली. वही कपाटात, किल्ली साहेबांकडे, आणि साहेब रविवारी नसतात. सोमवारी या म्हणे.

सोमवारी बाग बंद असते!