आई, चुलीचा धूर हे औषध नाही

गेल्या आठवड्यात आईने श्वासाचा पंप घेणं बंद केलं. का, म्हणून विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. पाटणकडच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आलेला तो मेसेज होता. पहिल्या दोन वेळा मी वाचून सोडून दिला होता. ती माझी चूक झाली.

मेसेज थोडक्यात असा: जुनं मातीचं घर म्हणजे निरोगी घर. चुलीच्या धुराने घर निर्जंतुक व्हायचं, म्हणून कुणाला दमा नव्हता. शेणाच्या सारवणामुळे जखम चिघळत नसे. ही घरं भूकंपातही उभी राहायची. माणसं सहज शंभरी गाठायची. दाराला कुलूप नव्हतं, सगळा गाव एक कुटुंब होता. आणि शेवटी, ‘आज विज्ञानही हे मान्य करतंय.’

कुठलं विज्ञान? मेसेजमध्ये ना संस्थेचं नाव, ना वर्ष, ना तपासणाऱ्याचा पत्ता. माझ्याकडे एक आकडा आहे आणि तो जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. घरात लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल जाळून होणाऱ्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसं गेली. त्यात पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून अधिक मुलं होती. याच संघटनेने यामागचे आजारही सांगितलेत: हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, लहान मुलांचा न्यूमोनिया आणि सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार. यातला शेवटचा आजार माझ्या आईला आहे.

आईने आयुष्यात विडी ओढलेली नाही. नववं-दहावं वर्ष लागलं तेव्हा ती चुलीपुढे बसली. दादा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, त्यांनी तिला कोपरखैरणेला आणेपर्यंत ती तिथेच होती. वीसेक वर्षं झाली. पावसाळ्यात जळण ओलं, दार-खिडकी लावलेली, धुराडं नाही. फुंकणीने फुंकायचं म्हणजे तोंड जाळाजवळ न्यायचं आणि पुढचा श्वास त्याच धुरातून घ्यायचा. पाठीला बांधलेलं पोरही तोच धूर घ्यायचं. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी खोकला किती दिवसांचा हे नंतर विचारलं. आधी विचारलं, “मावशी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?” आईला तेव्हा नवल वाटलं होतं. या आजारात श्वासाच्या वाटा अरुंद होतात आणि पूर्ववत होत नाहीत. पंपाने त्या तात्पुरत्या रुंदावतात, इतकंच. तोच पंप या मेसेजने बंद पाडला.

“आगं, आमी धुरातच वाढलो, काय झालं आमाला?” असं आई म्हणते. काय झालं ते रात्री तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपणाऱ्या माणसाला मी काय सांगू?

धुराने डास कमी होतात हे खरं आहे. आढ्याच्या वाशांना भुंगाही कमी लागतो. एवढं मी मान्य करते. पण दमा नव्हता म्हणणं धादांत खोटं आहे. धाप लागलेल्या म्हाताऱ्या प्रत्येक वाड्यात होत्या. ‘तिला दम लागतोय’ म्हणून सोप्यात बसवून ठेवत, कुणी तपासायला नेत नव्हतं.

सारवणाबद्दल. सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते, उन्हाळ्यात पायाला गार लागते, ते सुख मीही अनुभवलंय. पण धनुर्वाताचे जंतू जनावरांच्या शेणात असतात. बाळाच्या नाळेला शेण लावण्याची चाल जिथे होती तिथे किती बाळं आठवड्याभरात गेली, ते त्यांच्या आयांना विचारायला हवं होतं. बाळ-बाळंतिणींचा धनुर्वात भारतातून हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं, ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. आणि दर आठ दिवसांनी वाकून घर सारवणारे हात कुणाचे होते, हे मेसेजमध्ये कुठेही नाही.

शंभरीचं एका ओळीत सांगते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 70 आहे. माझ्या आजीची बाळंतपणं नऊ झाली आणि जगली पाच. नव्वदीला पोचलेला एखादा आजोबा आपल्याला आठवतो, कारण तो आपल्याला दिसला.

भूकंपाचा मुद्दा पाटणच्या माणसांच्या ग्रुपवर फिरावा, याचा मला सर्वांत जास्त राग आला. 11 डिसेंबर 1967 ची पहाट यांच्यातले म्हातारे विसरले? पाटण तालुक्यातल्याच कोयनेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आई तेव्हा दहा वर्षांची होती. मागची भिंत परड्यात कोसळली आणि पुढे कितीतरी रात्री सगळी अंगणात झोपली, हे तिनेच मला सांगितलंय. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला जवळपास दहा हजार माणसं मेली, ती बहुतेक जुन्याच घरांखाली. मातीत रचलेले गोल दगड, जाडजूड भिंती आणि वर मातीचा जड थर. तोच थर उन्हाळ्यात घर गार ठेवायचा, हेही खरंच.

कुलूप नव्हतं, कारण घरात कायम एखादी बाई असायची. आणि ‘गाव एक कुटुंब’ लिहिणाऱ्याने त्या कुटुंबाचं पाणी कुणाला भरू दिलं जात नव्हतं तेही लिहावं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी 1927 मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तो अशाच गावांच्या काळात.

आईला ते घर का हवंय हे मला कळतं. मे महिन्यात कोपरखैरणेत दुपारी स्लॅब तापतो, पंखा गरम वारा टाकतो, आणि तिला भेंड्याच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या भिंतींचं माजघर आठवतं. दारातून जाणारा प्रत्येकजण हाक मारायचा, इथे जिन्यात कुणी थांबत नाही. यात काहीच खोटं नाही, आणि म्हणून तर त्या मेसेजवर तिचा विश्वास बसला.

काल रात्री शेजारी बसून तिला पंप दिला. गावचं घर आम्ही पाडणार नाही, भिंतीही तशाच ठेवणार. पावसाआधी कौलं शाकारून घ्यायची, स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं आणि एक धुराडं बसवायचं, असं गवंड्याशी बोलणं झालंय. सिलिंडर गावातच मिळेल, शेगडी इथून नेतेय. भाकरी चुलीवरचीच हवी असा आईचा हट्ट आहे. ती मी थापेन, आई सोप्यात बसेल.