तीन इंच

आज सकाळी ग्राउंडवरून येताना लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. माझी लेक हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळते. तिच्या खांद्याला स्पाइक्सची, म्हणजे खिळ्यांच्या बुटांची पिशवी, पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले. काकू म्हणाल्या, "बारावी ना गं यंदा? मग पुरे की आता उड्या. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, नंतर पळ हवं तेवढं."

लेक नुसती हसली. घरी आल्यावर बूट काढता काढता मला विचारते, "पप्पा, थांबू का खरंच एक वर्ष?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. सेकंड शिफ्ट आहे, दुपारी रबाळ्याला पोचायचंय, पण हे लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

एक वर्ष म्हणजे काय, माहीत आहे का कुणाला? मुलींच्या शंभर मीटर हर्डल्समध्ये दहा हर्डल असतात. पहिला 13 मीटरवर, मग दर साडेआठ मीटरला एक. दोन हर्डलच्या मध्ये पावलं फक्त तीन. चौथं पडलं की भलताच पाय पुढे येतो आणि शर्यत तिथेच गेली. ती तीन पावलं अंगात भिनायला हिला चार वर्षं लागली. आणि अठराच्या आतल्या गटातून वर गेलं की हर्डलची उंची 76.2 सेंटिमीटरवरून 83.8 होते. तीन इंच वाढतात, तेही नेमके याच वयात. जग ज्या वर्षी पोरीला थांब म्हणतं, त्याच वर्षी हर्डल उंच होतो. वर्षभर बसून नंतर कुणी पुन्हा उभं राहिलेलं मी आमच्या ग्राउंडवर तरी पाहिलेलं नाही.

गेल्या रविवारी गॅलरीत बसून मी पीव्हीसी पाइप कापले. ग्राउंडवर हर्डल चार, त्यातले दोन मोडके, म्हणून आमचे आम्हीच करतो. जुने 30 इंचांचे होते, नवे 33 चे केले. तिने जुना आणि नवा शेजारी ठेवला, मधल्या फरकावर बोटं ठेवून पाहिली आणि म्हणाली, "एवढंच?" दुसऱ्या दिवशी त्या एवढ्याशानेच गुडघा तीनदा सोलला. तरी थांबू का, हे तेव्हा नाही विचारलं. आज विचारलं. लिफ्टमधलं एक वाक्य ऐकून!

मागच्या हिवाळ्यातली जिल्ह्याची स्पर्धा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सहा हर्डलपर्यंत ती दुसरी होती. सातव्याला मागचा पाय अडकला आणि हर्डलसकट तोंडावर पडली. नियम असा की हर्डल चुकून पडला तर बाद करत नाहीत, पण उरलेले सगळे ओलांडावे लागतात. बाकीच्या मुली पार होऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या, तेव्हा ही उठली. आठवा, नववा, दहावा, तिन्ही जवळजवळ उभ्यानेच ओलांडले. शेवटची आली. कोपरातून रक्त येत होतं. माझ्याजवळ येऊन पहिला प्रश्न, "पप्पा, टायमिंग किती आलं?"

मी स्टॉपवॉच थांबवायलाच विसरलो होतो. हातात ते चालूच होतं.

अशा पोरीला तुम्ही थांब म्हणता?

ज्योती याराजीचं नाव तरी ऐकलंय का आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी? विशाखापट्टणमची मुलगी, वडील सिक्युरिटी गार्ड. शंभर मीटर हर्डल्समध्ये 13 सेकंदांच्या आत आलेली पहिली भारतीय, 2023 मध्ये 12.78. हांगझोच्या एशियाडमध्ये शेजारच्या लेनमधली चिनी मुलगी बंदुकीच्या आधी सुटली आणि पंच हिलाही बाहेर काढायला निघाले. ही ट्रॅकवर उभी राहून भांडली, धावली आणि रौप्य घेऊन आली. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हर्डल्स पळली. आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातला तेजस शिरसे त्याच वर्षी फिनलंडमध्ये 13.41 पळाला, पुरुषांच्या 110 मीटरमधला राष्ट्रीय विक्रम. आणि पी. टी. उषा 1984 ला सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझला मुकली, ते तर आपल्या पिढीला पाठच आहे. हर्डल्समध्ये शंभरावा भाग मोजतात हो, आणि तुम्ही वर्षं देऊन टाकायला सांगता.

हो, सगळ्यांच्या हाती मेडल लागत नाही. एक लिगामेंट गेलं की खेळ संपतो, खेळाडूंसाठीचं सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण सगळ्यांना पुरत नाही. मान्य. वीस वर्षं कंपनीत काढली आहेत, घर कशावर चालतं ते मला कळतं. पण ती अभ्यास सोडतेय असं सांगितलं कुणी? रविवारी सिंथेटिक ट्रॅकसाठी प्रियदर्शिनी पार्कला जातो. ऐरोली ते ठाणे, मग दादर, मग ग्रँट रोड. जाता येता गाडीत तिच्या मांडीवर केमिस्ट्रीच असते.

काकूंवर राग नाही माझा. कोपर सुजलं होतं तेव्हा रोज संध्याकाळी हळदीचा लेप गरम करून त्याच आणून देत होत्या. पोटतिडकीनेच बोलल्या असतील.

आणि खरं सांगायचं तर त्या स्पर्धेहून परत येताना, ठाणे स्टेशनच्या पुलावर, मीही तिला हेच म्हणालो होतो. "यंदा राहू दे बाळा, बारावी होऊ दे." तिने उत्तर दिलं नाही. पूल उतरेपर्यंत पुढे पुढे चालत राहिली, हात छातीशी धरून. तेव्हा मला वाटलं, ऐकलं नसेल. ऐकलं होतं. आज काकूंच्या वाक्यावर थांबू का विचारलं, त्यात माझंही वाक्य होतं. सकाळपासून तेच सलतंय.

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती क्लासला गेलीय. रात्री घरी पोचेन तेव्हा ती झोपलेली असेल, म्हणून नवे सहाच्या सहा हर्डल दाराशी लावून ठेवलेत आणि गजर पाचचाच ठेवलाय.

बिल्डिंगमधले बरेच जण इथे आहात. उद्या लिफ्टमध्ये भेटलात तर तिला बारावीचं नका विचारू. टायमिंग किती आलं ते विचारा.