मुलींच्या बाकावर

मे महिना लागला की नात्यागोत्यातले फोन सुरू होतात. "ताई, पोरीला कन्या शाळेत टाकू की मिक्समध्ये?" मी दोन्हीकडे शिकवलंय. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, संस्थेच्या मुलींच्या शाळेत अकरा वर्षं, आणि आता सहा वर्षं त्याच संस्थेच्या मुलामुलींच्या शाळेत. त्यामुळे लोकांना वाटतं, बाईंकडे उत्तर तयार असणार. नाहीये. त्याऐवजी माझीच एक गोष्ट सांगते.

बदली होऊन आले त्या वर्षीची. आठवी ब. एक पोरगं तास चालू असताना सारखं बडबडायचं. मग मी तेच केलं जे आपल्या सगळ्यांच्या शिक्षकांनी कधी ना कधी केलंय. "ऊठ, मुलींच्या बाकावर जाऊन बस." वर्ग हसून लोटपोट. तो बाकाच्या टोकावर, अर्धा आत अर्धा बाहेर, दप्तर मांडीवर घेऊन बसला. कान लालबुंद. शेजारच्या मुलीने मधे कंपासपेटी आडवी ठेवली. आठवडाभर पोरगं गप्प. मला वाटलं, मात्रा लागू पडली.

पंधरा दिवसांनी एक मुलगी तशीच बडबडताना सापडली. न्याय सगळ्यांना सारखा, म्हणून मी तिला मुलांच्या रांगेत पाठवलं. कोणी हसलं नाही. वर्ग चिडीचूप. ती जागीच उभी राहिली आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिचे काका स्टाफरूमच्या दारात हजर. "मॅडम, मारा वाटलं तर, पण असं नका करू. पोरीची जात हाये."

शिक्षा तीच. मुलाला दिली तर गंमत, मुलीला दिली तर घराण्याची अब्रू. आणि दोन्ही वेळा वर्गाला नेमकं कळलं होतं की कशावर हसायचं आणि कशाला घाबरायचं. पुस्तकात हा धडा नाही, तो मी फळ्यासमोर उभी राहून घेतला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. छडी मी केव्हाच सोडली होती. हाही छळच, हे डोक्यातच आलं नव्हतं.

कन्या शाळेबद्दल मला आजही माया आहे, आणि तिचं कारण अगदी साधं आहे. तिथे मुलगेच नव्हते. त्यामुळे बाक उचलायचे तर मुलींनी, घंटा द्यायची तर मुलींनी, पाण्याच्या टाकीवर चढून झाकण लावायचं तर मुलींनी. एका २६ जानेवारीला भाषणाच्या ऐन वेळी माइक बंद पडला. नववीतली एक पोरगी आली, दातांनी वायर सोलली (हो, ओरडले मी), पीळ दिला, चिकटपट्टी गुंडाळली आणि टिचकी मारून "हॅलो" म्हणून निघून गेली. कोणाला त्यात विशेष वाटलं नाही. मिश्र शाळेत आले तर माइक आणि वायरी पोरांकडे. रांगोळी, स्वागतगीत, ओवाळणीचं ताट मुलींकडे. कोणी वाटून दिलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत अख्खं मैदान पोरांचं. मुली भिंतीच्या कडेला डबे उघडून गोल करून. कन्या शाळेत याच वयाच्या पोरी लंगडीत ढोपरं फोडून घ्यायच्या.

रानडे-भांडारकर मंडळींनी १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा काढली, तेव्हा वेगळी शाळा नसती तर कितीतरी पोरी घरातच राहिल्या असत्या. आणि तिथेही मुलींना इंग्रजी कशाला, म्हणून टिळकांनी 'मराठा'तून टीका केलीच. आता वारं उलटं आहे. केरळच्या बालहक्क आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की मुलामुलींच्या वेगळ्या शाळा नकोत, सगळ्या मिश्र करा. तत्त्व म्हणून मला मान्य. पण माझा प्रश्न मैदानाचा आहे. मिश्र केल्यावर ते कोणाचं?

तर मग कन्या शाळाच बरी? थांबा. मुलींच्या शाळेत छळ नसतो, हा पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. पोरांची मारामारी दिसते. शर्ट फाटतो, नाकातून रक्त येतं, दहा मिनिटांत दोघांचे बाप ऑफिसात. मुलींचा छळ दिसतच नाही. सातवीतली एक मुलगी रोज टाकीच्या कट्ट्यावर एकटी डबा खायची. मी विचारलं तर म्हणाली, "इथं सावली असते, मॅडम." सावली बारापर्यंत असायची, सुट्टी दीडला. ती गोलात येऊन बसली की गोल उठून चार पावलं पुढे सरकायचा, एवढंच. शिवी नाही, धक्का नाही. सरकणं. मला समजायला दोन महिने लागले, कारण नोंद करायची तरी कशाची? शासनाच्या २०२२ च्या निर्णयाने मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळोशाळी सखी सावित्री समित्या आल्या, तक्रारपेट्या तर त्याआधीपासून आहेत. आमची पेटी एकदा उघडली तर आत पेप्सीकोल्याची दोन पाकिटं निघाली. "माझ्याशी कोणी बोलत नाही" अशी चिठ्ठी कोण टाकणार?

पोरांचंही तसंच एक न दिसणारं असतं. आवाज अजून फुटला नाही, क्रिकेट येत नाही, अक्षर सुंदर आहे, की नाव पडलंच: बायल्या. अख्खी नववी-दहावी ते चिकटून राहतं. तक्रार केली तर आणखी पक्कं होतं. घरी सांगितलं तर बाप म्हणतो, तूही दे एक ठेवून.

दहावीच्या निकालाला दर वर्षी एकच मथळा, यंदाही मुलींचीच बाजी. २०२५ ला राज्यात मुली ९६.१४ टक्के, मुलं ९२.३१. पेढे वाटावेत अशीच गोष्ट आहे. पण मागे राहिलेल्या पोरांचं काय चाललंय, हे विचारायला कोणी येत नाही. फाट्यावर सकाळी शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस येते, शाळेच्या मुलींना फुकट. ती नसती तर वाड्या-वस्त्यांवरच्या निम्म्या पोरी सातवीनंतर मला दिसल्याच नसत्या, यात शंका नाही. त्याच फाट्यावर पोरं काळी-पिवळीची वाट बघत उभी. "पोरीयले सारं फुकट, आमाले काय?" ही बस का आली, हे त्यांना कोणी बसवून सांगितलेलं नसतं. मग तो राग वर्गात येतो आणि मुलींच्या वेणीवर, नावावर, चालण्यावर निघतो.

गेल्या वर्षापासून माझ्या वर्गात हजेरीपट आडनावाच्या अक्षरावर लावला. आधी मुलं, मग मुली हे बंद. बसणंही हजेरीच्या क्रमाने. दोन पालकांचे अर्ज आले, मुख्याध्यापकांनी "बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर" म्हणून सोडून दिलं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाकावर मधोमध खडूची रेघ होती. आता बऱ्याच पुसल्या गेल्यात. शिक्षा म्हणून कोणाला कुठे बसवायची सोयच राहिली नाही, हे मला जरा जड गेलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा ऑगस्टला मी विचारलं, रांगोळीला कोण येतंय? एका मुलाने हात वर केला. ठिपके त्याचे इतके सरळ की कला शिक्षकांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'रांगोळीबाई'. नाव पोरांनी ठेवलं, पण हसण्यात मुलीच पुढे होत्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी वर्गाला बोलले, बरंच बोलले. २६ जानेवारीला त्याने हात वर केला नाही.

या पंधरा ऑगस्टला त्याला परत विचारणार आहे. सगळ्यांसमोर विचारू की बाजूला घेऊन, एवढंच ठरत नाहीये.